संगणकावर घडीव लोखंड आणि मडकी: आधी काय, मग काय

नेमप्लेट, देवघराची जाळी, गेटचं डिझाइन, दिवाणखान्यातला कॅनव्हास. लोखंडी वेलबुट्टी आणि मातीची भांडी एकत्र मागणारी गिऱ्हाइकं सोलापुरात कमी नाहीत. नवी मुलं फाइल दाखवायला आणतात तेव्हा मात्र तेच दिसतं. लोखंड ताटात सांडलेल्या शेवयांसारखं, आणि माठ पुठ्ठा कापून चिकटवल्यासारखा. मुलांचा हात वाईट नसतो, क्रम उलटा झालेला असतो. आधी बाहेरचा आकार काढतात, मग त्यात रंग भरतात, आणि मडकं कशावर टेकलंय हे सगळ्यात शेवटी आठवतं.

इथं एकच नमुना घेऊन पायऱ्या सांगतो: दोन फूट बाय तीन फुटांचं पॅनेल, म्हणजे साधारण ६०० बाय ९०० मिलिमीटर. बाहेर चौरस बारची चौकट, आत वेलबुट्टी, तीन कड्यांमध्ये (गोल रिंगांमध्ये) तीन भांडी. खाली छोटा रांजण, मध्ये माठ, वर सुगड. मी इंकस्केप हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर वापरतो, ते फुकट आहे. कोरलड्रॉवर काम करणाऱ्यांसाठी जिथं फरक आहे तिथं तसं लिहिलंय.

## तयारी: माउस हातात घेण्याआधी

पहिला प्रश्न गिऱ्हाइकाला विचारायचा: हे छापायचंय की कापायचंय? कॅनव्हासवर किंवा सनबोर्डवर जाणार असेल तर सावली, चकाकी, मातीचा पोत सगळं चालतं. पत्र्यातून लेसरने किंवा प्लाझ्माने कापायचं असेल तर सावलीला काही अर्थ नाही, तिथं फक्त बंद आकार आणि जोड लागतात. दोन्ही हवं असेल तर फाइली दोन होतील, हे आधीच सांगून पैसे ठरवा.

मग नमुने बघा. कुंभार वेशीत जाऊन एक माठ आणि एक कुंडी समोर ठेवून फोटो काढा. संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात गेलात तर सुगडांचे ढीगच लागलेले असतात. फोटो आठ-दहा फुटांवरून, झूम करून काढा. मोबाइल जवळ नेला की माठाचं पोट आहे त्यापेक्षा फुगलेलं येतं आणि बूड बारीक दिसतं, मग तेच चित्रात उतरतं. आपल्याकडचं दुपारचं ऊन फोटोला मारकच. सकाळी आठच्या सुमारास, सावलीत, एका बाजूने उजेड येईल असं भांडं ठेवा.

लोखंडासाठी एखाद्या फॅब्रिकेशनच्या दुकानात तासभर उभं राहा. बार कसा वळतो, टोक कसं निमुळतं करतात, दोन बार पट्टीने कसे बांधतात ते बघा. एका मिस्त्रीने माझं पहिलं डिझाइन हातात घेऊन विचारलं होतं, "ह्यो बार वळवायचा कुठून?" त्या वेलीला सुरुवातच नव्हती. प्रत्येक वळणाला सुरुवात आणि शेवट लागतो, ही गोष्ट मी तिथं शिकलो.

आता फाइल. डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये एकक मिलिमीटर, पान ६०० बाय ९००, स्केल एकास एक. मध्ये ३०० वर उभी गाइड, म्हणजे मापासाठीची मदतीची रेघ. लेअर (एकावर एक ठेवलेले थर) पाच करा आणि नावं द्या: केंद्ररेषा, मागचं लोखंड, मडकी, पुढचं लोखंड, सावल्या. नावं न देता 'लेअर १, लेअर २' ठेवणारे अर्ध्या तासात हरवतात.

तपासा: निवडीच्या पट्टीवर 'आकार बदलताना रेषेची जाडी बदलावी का' असं एक बटण असतं. ते बंद करा. ते चालू असलं की वेल लहान करताना बारही बारीक होतो, आणि एकाच पॅनेलमध्ये १२ मिलिमीटरचा, ९ चा आणि साडेसहाचा बार तयार होतो. असलं लोखंड बाजारात मिळत नाही आणि चित्रातही डोळ्याला खुपतं.

## १. उजेड कुठून आणि नजर कुठं, हे ठरवा

कागदाच्या कोपऱ्यात बाण काढतात तसा पानाबाहेर एक बाण काढून ठेवा. समजा उजेड डावीकडून वरून येतोय. नजरेची उंची सुगडाच्या तोंडाच्या थोडी वर. या दोन गोष्टी ठरल्या की पुढचे पन्नास निर्णय आपोआप होतात. त्या नंतर ठरवायच्या म्हटलं तर प्रत्येक भांडं वेगळ्या खोलीतून उचलून आणल्यासारखं दिसतं.

## २. लोखंड काढायचं ते केंद्ररेषेने

बार म्हणजे एक रेषा आणि तिची जाडी. बाहेरच्या दोन कडा वेगवेगळ्या काढायच्या नाहीत. बेझिए पेनने बारच्या मधोमध जाणारी एकच रेषा काढा आणि स्ट्रोकची (रेघेची) जाडी द्या: चौकटीला १२, वेलीला ८ मिलिमीटर. फिल, म्हणजे आत भरायचा रंग, काहीच नाही.

गोलाईसाठी स्पायरलचं साधन आहे. त्यात 'डायव्हर्जन्स' नावाचा आकडा असतो. तो १ ठेवला की सगळे वेढे सारख्या अंतरावर येतात, डासांच्या उदबत्तीसारखे. घडीव लोखंडाचा वेढा आत घट्ट आणि बाहेर सैल असतो, म्हणून तो दीडच्या आसपास न्या. वेढे दीड ते दोन पुरतात. स्पायरल पसंत पडला की त्याचा पाथ (बिंदू ओढून बदलता येणारी रेघ) करा आणि शेपूट ओढून पुढच्या बारला नेऊन मिळवा.

नोड, म्हणजे रेघेवरचे बिंदू, कमी ठेवा. एका सी आकाराच्या वळणाला तीन-चार नोड पुष्कळ झाले. जास्त नोड म्हणजे जास्त पोचे.

चादरीच्या डिझाइनमधून आलेल्या मुलांना इथं एक अडचण येते. जॅकार्डचा ग्राफ, म्हणजे विणकामाचा चौकटींचा नकाशा, भरून भरून हाताला चौकटीत विचार करायची सवय लागलेली असते. दोरा उभा-आडवाच जातो, त्यामुळे तिथं ते बरोबरच. इथं ग्रिडचं स्नॅपिंग (रेघ आपोआप चौकटीला चिकटणं) बंद करा, फक्त गाइड आणि नोडचं चालू ठेवा. रिपीट आणि समतोल कळण्यात मात्र ही मुलं इतरांच्या पुढे असतात.

सावधान: सगळ्यात आतल्या वेढ्यातली फट बारच्या जाडीपेक्षा कमी नको. ८ चा बार असेल तर आत निदान ८ मिलिमीटर मोकळं दिसलं पाहिजे. नाहीतर दोन फुटांवरून तो नुसता काळा गोळा दिसतो.

## ३. टोकं

वेल बारच्या पूर्ण जाडीत धाडकन संपली की ती रबराची नळी वाटते. लोहार टोक तापवून ठोकतो, ते निमुळतं होतं, मग ते आत गुंडाळतो. इंकस्केपमध्ये पाथ इफेक्टमधून 'टेपर स्ट्रोक' लावा आणि शेवटचे ३० ते ४० मिलिमीटर निमुळते करा. काही टोकांना बारीक गोळा द्यायचा असेल तर १४ मिलिमीटरचं वर्तुळ पुरे. सगळ्या टोकांना गोळे देऊ नका, लग्नाच्या मांडवासारखं होतं.

## ४. आरसा, आणि मगच जोड

अर्धं पॅनेल काढून झालं की त्याचा ग्रुप करा. ऑल्ट + डी दाबून क्लोन (मूळ बदललं की बदलणारी प्रत) काढा, एच दाबून उलटवा, आणि मधल्या गाइडला टेकवून दुसऱ्या बाजूला बसवा. आता डाव्या अर्ध्यात वळण सुधारलं की उजवीकडे आपोआप सुधारतं. मध्यरेषेवर येऊन मिळणाऱ्या नोडचा एक्स आकडा हाताने ३०० टाइप करा, डोळ्याच्या अंदाजावर सोडू नका. कोरलमध्ये अर्धा भाग पूर्ण पक्का झाल्यावर प्रत काढून मिरर करा.

आकार पक्का झाला की शिफ्ट + ऑल्ट + डी ने क्लोनची गाठ सोडवा. पूर्ण केंद्ररेषांची एक प्रत 'केंद्ररेषा' लेअरवर ठेवून लेअर लपवा आणि कुलूप लावा. पुढे कटिंगसाठी आणि चकाकीसाठी तीच लागणार आहे.

सावधान: आरसा करायच्या आधी चकाकी आणि सावली लावू नका. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. डाव्या अर्ध्यावर डावीकडून उजेड टाकला आणि मग उलटवला, तर उजव्या अर्ध्यावर उजेड उजवीकडून येतो. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण लोखंड खोटं आहे हे त्याला कळतं.

आता जोड. जिथं दोन वेली एकमेकींना घासून जातात तिथं कॉलर बसवा, म्हणजे दोन्ही बारना कवेत घेणारी आडवी पट्टी. दोन ८ चे बार असतील तर पट्टी १८ मिलिमीटर रुंद आणि साधारण १२ उंच. वेली नुसत्या टेकलेल्या ठेवल्या तर त्या हवेत तरंगतात. जिथं बार एकमेकांना ओलांडतात तिथं कोणता पुढं आणि कोणता मागं हे ठरवा, आणि पुढच्या बारच्या खाली मागच्यावर दोन मिलिमीटरची काळपट कड द्या. एक पुढून, एक मागून असा विणकामासारखा क्रम ठेवला तर जाळीत जीव येतो.

## ५. मडकं अर्धंच काढा

कुंभार चाकावर करतो तेच आपण करायचं: आस एक, बाजूची रेघ एक. मडकी लेअरवर उभी गाइड टाका. तिच्या उजवीकडे फक्त बाजूची रेघ काढा: ओठ, गळा, खांदा, पोट, बूड. पाच किंवा सहा नोड. मग प्रत काढून उलटवा, दोन्ही निवडून कंट्रोल + के ने एकत्र करा, आणि वरची दोन टोकं व खालची दोन टोकं जोडून घ्या.

बुडाच्या मध्यावर नोडचे हात (हँडल) आडवे असले पाहिजेत. जरा तिरपे झाले की माठाला होडीसारखं टोक येतं.

प्रमाण फोटोवरून घ्या, मनाने नको. माठाचा गळा आखूड आणि पोट गोल, रांजण उंच आणि बुडाकडे निमुळता, सुगड बसकं आणि रुंद तोंडाचं. तिन्ही भांडी एकाच आकाराची लहान-मोठी करून ठेवणारे बरेच असतात. ते दुकानातल्या प्लास्टिकच्या डब्यांच्या सेटसारखं दिसतं.

## ६. तोंड, बूड आणि पट्टे

वरून दिसणारं तोंड म्हणजे लंबवर्तुळ. ते किती उघडं असावं हे पहिल्या पायरीत ठरवलेल्या नजरेवर अवलंबून. नजर सुगडाच्या जरा वर असेल तर सुगडाच्या तोंडाची उंची रुंदीच्या साधारण आठव्या भागाइतकी, माठाची पाचव्या भागाइतकी, रांजणाची तिसऱ्या भागाइतकी. भांडं जितकं खाली, तितकं तोंड जास्त उघडं. एकाच भांड्यातही हाच नियम चालतो: बुडाची गोलाई तोंडापेक्षा जास्त वाकलेली असते. तोंड गोल आणि बूड पट्टीने आखल्यासारखं सरळ, हे दर दुसऱ्या फाइलमध्ये सापडतं.

तोंडाला जाडी द्या. बाहेरचं लंबवर्तुळ, आत थोडं लहान दुसरं, आणि आतल्यात गडद रंग. मातीच्या भांड्याची कड जाड असते, ती दिसली नाही की भांडं पत्र्याचं वाटतं.

पोटावरचे पट्टे, चुन्याचे ठिपके किंवा चाकाच्या रेघा त्याच त्या उंचीच्या लंबवर्तुळावर चालल्या पाहिजेत. ठिपके मध्ये गोल आणि ऐसपैस, कडेला जाताना अरुंद आणि दाटीचे.

तपासा: लंबवर्तुळाच्या दोन्ही टोकांना अणी नको. हाताने काढलेलं तोंड बदामासारखं टोकदार होतं. गोलाकाराचंच साधन वापरा.

## ७. मडकं कडीत बसवा

इथं चित्रकलेपेक्षा अक्कल जास्त लागते. कडी माठाच्या पोटाच्या सगळ्यात रुंद भागाच्या खाली असली पाहिजे. बरोबर रुंद भागावर किंवा वर काढली तर खरा माठ त्यातून सुळकन खाली जाईल. गिऱ्हाइकाला हे सांगता येत नाही, पण त्याच्या घरी माठाची तिवई असते, म्हणून चूक त्याला खटकते.

कडीचं लंबवर्तुळ काढा, उंची-रुंदीचं प्रमाण त्या पातळीवरच्या भांड्याइतकंच. त्याचा पाथ करा, डावा आणि उजवा नोड निवडून तिथं पाथ तोडा, मग 'ब्रेक अपार्ट' केलं की दोन तुकडे होतील. मागचा तुकडा 'मागचं लोखंड' लेअरवर, पुढचा 'पुढचं लोखंड' लेअरवर, आणि मध्ये मडकं. पूर्ण कडी पुढं ठेवली तर माठ कडीच्या मागं चिकटवलेला दिसतो.

मग पुढच्या कडीच्या लगेच खाली, मडक्यावर, तीन-चार मिलिमीटरची गडद रेघ जराशी ब्लर करून टाका. एवढ्या एका रेघेने वजन येतं.

## ८. रंग आणि उजेड

लोखंडाला शुद्ध काळा देऊ नका. काळ्यावर सावली दिसतच नाही. लाल ४३, हिरवा ४१, निळा ४० असा किंचित उबदार गडद रंग घ्या. चकाकीसाठी केंद्ररेषांची प्रत काढा, जाडी दीड मिलिमीटर करा, रंग फिकट राखाडी, अपारदर्शकता पन्नास टक्के, आणि सगळी प्रत एकदम उजेडाच्या दिशेला सरकवा: आठच्या बारला डावीकडे दोन, वर दोन मिलिमीटर. एकेक बार धरून सरकवू नका. सगळ्यांना एकच सरक दिली की उजेडाला आडव्या असलेल्या बारवर चकाकी कडेला जाते, उजेडाच्या दिशेने धावणाऱ्या बारवर मध्येच राहते, आणि गोलाईवर ती आपोआप फिरते. नंतर या रेघेला मध्ये मध्ये खंड पाडा, ठोकलेल्या लोखंडावर चकाकी सलग नसते.

मातीचा मूळ रंग लाल १७८, हिरवा ९६, निळा ६२ च्या जवळपास. उजेडाच्या बाजूला २१४, १४०, १००. सावलीत ११०, ५२, ३४. सावलीला काळा मिसळला की भाजलेली माती जळकी दिसते, म्हणून तांबूस तपकिरीच ठेवा.

ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणारी छटा) कोणता, तर रांजणाच्या उभ्या अंगाला लिनिअर, म्हणजे सरळ जाणारा, आणि माठाच्या गोल पोटाला रेडियल, म्हणजे मधून बाहेर पसरणारा. माठाला लिनिअर दिला की तो पाइप होतो. रेडियलचा केंद्रबिंदू उजेडाकडे सरकवा, आणि सावलीच्या बाजूची अगदी शेवटची कड पुन्हा थोडी उजळ करा. आजूबाजूच्या भिंतीचा उजेड तिथं परततो. ती उजळ कड नसली तर गोलाई अर्धवट वाटते, मग लोक सावली आणखी काळी करत बसतात.

पांढरा झगमगीत ठिपका मातीवर ठेवू नका. तो चिनीमातीच्या बरणीला शोभतो.

पोतासाठी फुटक्या खापराचा फोटो घ्या, गिंप या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये मडक्याच्या वर ठेवा, लेअर मोड मल्टिप्लाय, अपारदर्शकता वीस ते पंचवीस टक्के. इंकस्केपचे फिल्टर लावले तरी चालतात, पण फाइल जड होते आणि ऐन सेव्ह करताना लाइट गेली की सगळं संपतं. मेश ग्रेडियंट सुंदर दिसतो, मी वापरत नाही. दुसऱ्याच्या संगणकावर तो नीट उघडेल याचा भरवसा नसतो.

## ९. कापायची फाइल

लपवलेल्या केंद्ररेषा बाहेर काढा. नव्या फाइलमध्ये घ्या, टेपर आणि कॉलरसकट. कंट्रोल + ऑल्ट + सी ने स्ट्रोकचे पाथ करा (कोरलमध्ये कंट्रोल + शिफ्ट + क्यू), मग सगळं निवडून युनियन (सगळे आकार मिळून एक), म्हणजे कोरलमधलं वेल्ड. मडकी यात सपाट आकार म्हणून येतील, कडीला जोडलेली.

ही पायरी विसरून मी एकदा तशीच फाइल एका कटिंगवाल्याकडे पाठवली होती. मशिनला स्ट्रोकची जाडी कळत नाही, त्याला फक्त रेघ दिसते. पत्र्यावर वेलीऐवजी एक बारीक चीर आली. पत्रा गेला आणि संक्रांतीच्या आधी द्यायचं काम संक्रांतीनंतर गेलं.

जोड किती रुंद ठेवायचा? लेसरला पत्र्याच्या जाडीपेक्षा कमी कधीच नको. २ मिलिमीटर पत्र्याला मी निदान ३ ठेवतो. प्लाझ्माची ज्योत जास्त माल खाते, तिथं ५ ठेवा. कटिंगवाल्याला विचारून घ्या, प्रत्येकाचं मशिन वेगळं.

तपासा: काळ्या-पांढऱ्यात एक चित्र एक्स्पोर्ट करून गिंपमध्ये उघडा. बादलीचं साधन घ्या, लाल रंग निवडा आणि चौकटीवर एकदा क्लिक करा. जे लाल झालं ते जोडलेलं आहे. जे काळंच राहिलं ते कापल्यावर जमिनीवर पडणार.

नेमप्लेट असेल तर देवनागरीचा एक फायदा आहे: शिरोरेषा सगळ्या अक्षरांना धरून ठेवते. 'ग', 'ण', 'श' यांचे सुटे भागही तिलाच लटकतात. पडतात ते अनुस्वार आणि चंद्रबिंदू. 'आनंद' लिहिलं की टिंब हमखास हरवतं, म्हणून टिंबाला शिरोरेषेशी बारीक दांडी जोडा. हे झालं अक्षर पत्र्याचं असेल तेव्हाचं. अक्षर पत्र्यातून कोरून काढायचं असेल तर गणित उलटं: 'व', 'ब', 'क' यांच्या पोटातले तुकडे पडतात, दांडी तिथं द्यायची. दोन्ही वेळा शब्दांचे पाथ करूनच फाइल पाठवा. तुमचा फॉन्ट त्यांच्या संगणकावर नसतो, आणि 'सिद्धेश्वर'चं जोडाक्षर फुटून आलं तर घरातली वडीलधारी माणसं पाटी दारावर लावू देत नाहीत.

डीएक्सएफ, म्हणजे कटिंग मशिनला द्यायची फाइल, सेव्ह झाल्यावर ती स्वतः पुन्हा उघडून माप बघा. ६०० बाय ९०० दिसायला हवं. इंच-मिलिमीटरचा घोळ झाला असेल तर आकडा २५.४ पटीने चुकलेला असतो. एकावर एक दोन रेघा पडल्यात का तेही बघा, मशिन तिथून दोनदा जातं आणि कड जळते.

## १०. छापायची फाइल

कॅनव्हासला १५० डीपीआय (एका इंचात १५० ठिपके) पुरे. २४ बाय ३६ इंचाला ३६०० बाय ५४०० पिक्सेल होतात. ३०० चा हट्ट धरू नका, फाइल चौपट मोठी होते आणि भिंतीवर फरक दिसत नाही.

पडद्यावरचा मातीचा रंग आणि छापलेला रंग यांत फरक पडणारच. लोखंडाचा गडद रंग तर हमखास बुजतो, कारण छपाईवाला त्यात चारही शाया भरून टाकतो. म्हणून आधी सहा इंच रुंद पट्टी छापून घ्या. तिच्यात थोडं लोखंड, कडीखालची सावली आणि माठाची उजळ कड, तिन्ही येतील असा भाग निवडा. ती पट्टी दुकानातल्या ट्यूबलाइटखाली बघू नका, दाराशी नेऊन दिवसाच्या उजेडात बघा. लोखंड आणि त्याची सावली एकमेकांत मिसळलेली दिसली तर लोखंडाच्या रंगाचे तिन्ही आकडे दहा-पंधराने वर घ्या आणि दुसरी पट्टी मागा. बहुतेक वेळा दुसऱ्या पट्टीला काम होतं. माझी सगळ्यात चिवट ऑर्डर चौथ्या पट्टीला पास झाली होती.